राजहऱ्याच्या वाटा

डोंगराची थोरवी उंचीने मोजण्याची माणसाची सवय जुनी आहे. सह्याद्री म्हटला की १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर डोळ्यांपुढे उभे राहते; सातपुडा म्हटला की पचमढीजवळच्या धूपगडाचे नाव निघते. ही मोजपट्टी लावली, तर छत्तीसगडातल्या राजहऱ्याच्या डोंगराची दखल घेण्याचे कुणालाच कारण नव्हते. भिलाईच्या दक्षिणेस, आजच्या बालोद जिल्ह्यात, दल्ली आणि राजहरा या नावांच्या टेकड्यांची एक नागमोडी रांग सुमारे वीस मैल पसरलेली आहे. सभोवारच्या सपाट मुलखापासून तिची उंची कोठे कोठे चारशे फूट भरे, एवढेच. तिच्यावर नावाजलेला किल्ला नाही आणि दूरदूरच्या यात्रेकरूंना ओढून आणणारे महाक्षेत्रही नाही. तथापि, भारताच्या कानाकोपऱ्यांत जाणाऱ्या आगगाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यांतील फार मोठा भाग या बुटक्या डोंगरातून निघाला आहे. हिमालयाच्या शिखरांवर माणसे चढून गेली आणि शिखरे जागच्या जागी राहिली. राजहऱ्यावर माणसे चढली, आणि डोंगरच खाली उतरून देशभर पसरला.

अशा डोंगराचा इतिहास सांगायचा, तर त्याच्याकडे गेलेल्या वाटांचा इतिहास सांगावा लागतो. शिखराला स्वतःची वाचा नसते. कोण त्याच्याकडे चालत गेले, कशासाठी गेले आणि परत येताना काय घेऊन आले, यावरूनच त्याची ओळख ठरते. राजहऱ्याच्या बाबतीत या वाटा एकापाठोपाठ एक पडत गेल्या, आणि प्रत्येक वाटेने जाणाऱ्याला डोंगर निराळा दिसला.

या डोंगराची घडण प्रथम लक्षात घेतली पाहिजे. दोन अब्ज वर्षांहूनही पूर्वी पृथ्वीवरील समुद्रांत प्राणवायू फार थोडा होता आणि त्या पाण्यात लोह विरघळलेले होते. सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेला प्राणवायू त्या लोहाशी संयोग पावू लागला, तसे ते तळाशी बसत गेले. एक थर लोहाचा, एक थर गारेसारख्या सिलिकेचा, अशी पट्टेदार खडकांची रास जमली. पुढे दीर्घ काळात भूगर्भातील पाण्याने काही ठिकाणी सिलिका धुऊन नेली आणि मागे हेमॅटाइट हे कठीण, जड, तांबूस काळसर खनिज उरले. उत्तम प्रतीच्या हेमॅटाइटात शंभर भागांत पासष्ट भागांहून अधिक लोह असते. ऊनपावसाने भोवतालचा मऊ खडक झिजला, वाहून गेला; लोहाचा हा कणा मात्र झिजला नाही. म्हणूनच तेथे डोंगर उभा राहिला. राजहऱ्याला उंची दिली ती लोखंडाने, आणि पुढे त्याची उंची हिरावून घेतली तीही लोखंडानेच.

या डोंगराळ प्रदेशातील पहिली वाट लोखंड गाळणाऱ्यांची. मध्य भारताच्या जंगलांत अगरिया नावाची जमात पिढ्यान्‌पिढ्या हा उद्योग करीत आली. या लोकांची भट्टी म्हणजे मातीचा, माणसाच्या छातीइतका उंच ओबडधोबड मनोराच. तिच्यात लाकडी कोळसा आणि फोडलेले खनिज यांचे थर टाकायचे. तळाशी मातीची नळी बसवायची. आणि कातड्याच्या दोन भात्यांवर उभे राहून, आळीपाळीने पाय दाबीत, तासन्‌तास वारा घालायचा. शेवटी भट्टीच्या तळाशी मळीसकट लोखंडाचा एक लालबुंद गोळा जमे. तो बाहेर ओढून घणाने ठोकला, की मळी झडून जाई आणि नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा करण्याजोगे लोखंड हाती येई. व्हेरियर एल्विन यांनी या जमातीवर १९४२ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यात त्यांच्या लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर या देवतांची हकीकत आहे. लोखंड, कोळसा आणि आग या तीन वस्तू तीन दैवतेच होत, अशी ही श्रद्धा होती. जेथे खनिज सापडे तेथे या लोकांच्या पायवाटा जात, आणि गावांच्या नावांतही तो व्यवसाय उमटे. राजहऱ्याचा डोंगर ज्या जमीनदारीत होता तिचे नाव डौंडी-लोहारा. चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, प्रसिद्ध लोहखनिजाचे ठिकाण तेही लोहाराच. सरकारी नकाशे होण्यापूर्वी लोकांनी आपला नकाशा गावांच्या नावांत नोंदवून ठेवला होता.

सत्ताधीशांच्या वाटा मात्र या डोंगरापासून दूर राहिल्या. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरल्या. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून रतनपुरास राहून त्या प्रांताचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि छत्तीसगडही इंग्रजांकडे गेले. या साऱ्या उलाढाली प्रामुख्याने भाताच्या सपाट मुलखात आणि उत्तरेकडील रतनपुराच्या परिसरात घडल्या. त्या काळच्या राज्यकर्त्याला जमिनीतून धान्य आणि महसूल हवा होता. तलवारीला लागणारे लोखंड थोडे, आणि ते लोहाराच्या भट्टीतून मिळत होते. एखादा अख्खा डोंगर लोखंडाचा असावा, याचे महत्त्व कळायला निराळे युग यावे लागले.

ते युग आगगाडीबरोबर आले. नागपूर आणि छत्तीसगड यांना जोडणारा लोहमार्ग १८८० नंतरच्या दशकात झाला, आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बेंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो पुढे बंगालकडे नेला. गाडीबरोबर परदेशी लोखंड स्वस्त दराने खेड्यांच्या बाजारात येऊ लागले. दुसरीकडे जंगलांवर सरकारी निर्बंध आले, त्यामुळे कोळशासाठी लाकूड तोडणे अवघड झाले. भट्टीवर करही द्यावा लागे. पायांनी भाता चालवणाऱ्या माणसाची विलायतेतील कारखान्यांशी गाठ पडली, आणि तो हरत गेला. डोंगराकडे जाणारी त्याची पायवाट गवताने झाकली जाऊ लागली.

नेमक्या याच वेळी दुसरी वाट पडली. प्रमथनाथ बोस हे बंगालमधील गृहस्थ. १८५५ चा त्यांचा जन्म. शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले, तेथे विज्ञानाची पदवी घेतली आणि १८८० मध्ये भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. त्या वेळी या खात्याच्या वरच्या श्रेणीत भारतीय माणूस ही अपूर्व गोष्ट होती. खात्याची रीत अशी की, पावसाळा सरला की अधिकाऱ्याने मुलखात उतरायचे. तंबू, बैलगाड्या, नोकरचाकर घेऊन गावोगाव मुक्काम करायचा. खडक फोडून पाहायचे, त्यांचा कल मोजायचा, नकाशावर रंग भरायचे. आणि उन्हाळा कडक झाला की कलकत्त्यास परतून अहवाल लिहायचा. या रीतीने बोस त्या वेळच्या रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात हिंडले. दुर्ग जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता; तो १९०६ मध्ये निर्माण झाला. त्या भागातील लोहखनिजाविषयी आणि लोखंड गाळण्याच्या देशी धंद्याविषयी बोस यांनी लिहिलेले टिपण खात्याच्या नियतकालिकात १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या टिपणाच्या विषयातच एक अर्थ दडलेला आहे. बोस यांनी डोंगर पाहिला, तसा त्या डोंगरावर जगणारा उद्योगही पाहिला. शास्त्रज्ञाची वाट ही पुष्कळदा लोहाराच्या पायवाटेवरूनच पुढे जाते. खनिज कोठे आहे हे अगरियाला ठाऊक होते. ते किती आहे, कोणत्या जातीचे आहे आणि खडकांच्या कोणत्या मालिकेत बसते, हे बोस यांनी सांगितले. या दोन ज्ञानांपैकी दुसरे छापले गेले, म्हणून ‘शोध’ हा शब्द त्याच्या वाट्याला आला. बोस यांची थोरवी याने उणी होत नाही. परंतु राजहऱ्याच्या शोधाची हकीकत सांगताना पहिली वाट वगळली, तर ती अपुरी राहते.

टिपण छापले गेले आणि स्वस्थ पडले. त्याला जाग आली ती नागपुरात. जमशेटजी टाटा यांचा नागपूरशी जुना संबंध. त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी तेथे सुरू झाली होती. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्‌झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाविषयीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण होती. भारतात पोलादाचा कारखाना काढण्याचा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून रुजला. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामी येण्याजोगा निघाला नाही, आणि खाणींविषयीचे सरकारी नियमही उद्योजकाला जाचक होते. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, १८९९ मध्ये, ते नियम सैल झाले. जमशेटजींनी अमेरिकेत जाऊन चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला कामास लावले; पेरिन यांनी सी. एम. वेल्ड या भूगर्भतज्ज्ञाला भारतात धाडले. वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि त्यांचे आप्त शापूरजी सकलातवाला यांनी चांद्याचे रान तुडवण्यास आरंभ केला. बैलगाडीचा प्रवास, वाघांचा वावर, पिण्याच्या पाण्याची टंचाई, अशा स्थितीत हे काम चालले. शेवटी निष्पन्न झाले ते असे, की चांद्याचे खनिज उत्तम आहे, पण मोठ्या कारखान्याला पुरेल असा साठा एका जागी नाही आणि योग्य कोळसाही नाही.

ही निराशेची वार्ता देण्यासाठी दोराबजी नागपूरला सचिवालयात एका अधिकाऱ्याला भेटण्यास गेले. भेटीला अवकाश होता, म्हणून वेळ काढण्याकरिता ते जवळच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला ‘अजब बंगला’ म्हणतात, तेच हे १८६३ मध्ये स्थापन झालेले पदार्थसंग्रहालय. तेथे भिंतीवर मध्यप्रांताचा एक भूवैज्ञानिक नकाशा होता, आणि त्यावर दुर्गच्या बाजूस लोहखनिजाची खूण करणारा गडद रंग होता. तो रंग होता बोस यांच्या पायपिटीचे फळ. दोराबजींनी तो वेल्ड यांना दाखवला. सरकारी कागदात सतरा-अठरा वर्षे निजलेला डोंगर एका भिंतीवरून पुन्हा बोलू लागला.

येथून तिसरी वाट निघाली. दुर्गच्या बाजूने रेल्वे सोडल्यावर राजहरा चाळीस मैलांहून दूर होता. मध्ये नदीनाले, भातखाचरे आणि साल-सागाचे जंगल. मंडळी डोंगरावर चढू लागली, तेव्हा पायांखालचा खडक धातूसारखा खणखणला, अशी आठवण या शोधाच्या इतिहासात जपली गेली आहे. खनिजाचे पृथक्करण झाले, तेव्हा ते जगातील उत्तम खनिजांच्या पंक्तीत बसणारे ठरले. कारखाना येथेच होणार, असे त्या क्षणी कोणालाही वाटले असते.

पण तसे घडले नाही. आणि याचे कारण ठरली ती पुन्हा बोस यांचीच लेखणी. स्वतःहून कनिष्ठ असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला खात्याचे प्रमुखपद मिळाले, तेव्हा बोस यांनी १९०३ मध्ये नोकरी सोडली आणि ते ओरिसातील मयूरभंज संस्थानात गेले. तेथे गोरुमहिसानीच्या डोंगरात त्यांना लोहखनिजाचा प्रचंड साठा आढळला. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र लिहून ही बातमी कळवली. त्याच वर्षी १९ मे रोजी जमशेटजी परलोकवासी झाले. पण शोध थांबला नाही. दोन्ही डोंगरांचा हिशेब मांडल्यावर असे दिसले, की राजहऱ्याचे खनिज गुणाने उणे नाही, परंतु कोळसा फार दूर, पाण्याची शाश्वती नाही, कलकत्त्याचे बंदरही लांब. गोरुमहिसानी मात्र झरियाच्या कोळशाला आणि बंदराला कितीतरी जवळ. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली, सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ साकची येथे कारखाना उभा राहिला, आणि १९११ च्या अखेरीस तेथे पहिले लोखंड वाहिले. ज्या माणसाने राजहरा जगापुढे आणला, त्याच्याच दुसऱ्या शोधाने राजहऱ्याला आणखी अर्धे शतक रानात ठेवले.

या प्रसंगातून एक गोष्ट ध्यानात येते. खनिजाचा डोंगर सापडणे आणि तो उपयोगात येणे यांत पुष्कळ अंतर असते. एक टन लोखंडासाठी दीड टनाहून अधिक खनिज लागते. त्याबरोबर कोक, चुनखडी आणि अमाप पाणी लागते. आणि हे सारे एका ठिकाणी आणणारा लोहमार्ग लागतो. यांतील एकही गोष्ट कमी पडली, तर लोखंडाचा डोंगर हा नुसता डोंगर राहतो. राजहऱ्याच्या आसपास या गोष्टी एकेक करून, निरनिराळ्या निमित्तांनी जमत गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छत्तीसगडावर दुष्काळांचे मोठे घाव बसले होते. शेतीला पाण्याचा आधार मिळावा, म्हणून बालोदजवळ तांदुळा आणि सुखा या नद्यांच्या संगमावर धरण बांधण्यात आले. ते १९२१ मध्ये पुरे झाले. हे पाणी भातासाठी होते. ते पुढे पोलादाच्याही कामी येईल, हे धरण बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. नंदिनीची चुनखडी जवळच होती. मुंबई-हावडा मार्ग दुर्ग आणि भिलाईवरून जातच होता. उणीव होती ती एका निर्णयाची.

तो निर्णय स्वातंत्र्यानंतर झाला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलादाच्या कारखान्याचा करार झाला आणि त्यासाठी भिलाईची निवड झाली. राउरकेल्याला जर्मनांचे, दुर्गापूरला ब्रिटिशांचे साहाय्य लाभले होते. भिलाईला रशियन तंत्रज्ञ आले. वर्षाला दहा लाख टन पोलाद हे आरंभीचे उद्दिष्ट होते. खाणीपर्यंत नवा लोहमार्ग टाकण्यात आला, तांदुळ्याचे पाणी कारखान्याकडे वळले, कोळसा पूर्वेकडील खाणींतून येऊ लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अगरियाच्या भट्टीत एका वेळी काही शेर लोखंड निघे. या भट्टीत दिवसाला शेकडो टन निघू लागले. प्रमथनाथ बोस १९३४ मध्येच वारले होते. आपल्या तरुणपणीच्या नकाशातील रंगाचे पुढे काय झाले, हे पाहण्यास ते उरले नाहीत.

भिलाईच्या गिरणीतून बाहेर पडलेले रूळ देशभर पसरले. भाषावार प्रांतरचनेने १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर आणि दुर्ग यांची राज्ये निराळी केली होती. तरीही नागपूर, अमरावती, रायपूर येथील कितीतरी मराठी कुटुंबे भिलाईच्या सेक्टरांमधून स्थिरावली. केरळचा फिटर, आंध्रचा फोरमन, बंगालचा अभियंता, पंजाबचा कंत्राटदार आणि विदर्भाचा मास्तर एका रांगेत राहू लागले. जुने रूळ विलायतेहून येत आणि त्यांवरून परदेशी लोखंड खेड्यात शिरे; आता खेड्याच्या डोंगराचेच रूळ होऊ लागले. हा फेरा पुरा झाला, याचा अभिमान त्या पिढीला वाटला आणि तो सार्थ होता.

या अभिमानाच्या उजेडात चौथी वाट मात्र बराच काळ दिसली नाही. ती खाणीतील मजुरांची. राजहऱ्याच्या काही भागांत यंत्रे आली. पण दल्लीच्या कित्येक खाणींत घण, पहार, घमेले आणि माणसाचे खांदे यांवरच काम चाले. पुरुष दगड फोडीत, स्त्रिया टोपल्या वाहत आणि मालमोटारी भरीत. हे मजूर कंत्राटदारांचे. कारखान्याच्या कायम कामगारांना मिळणारी घरे, दवाखाने आणि पगार त्यांना नव्हते. पहाटे खाणीकडे चढणाऱ्या आणि संध्याकाळी अंगभर तांबडी धूळ घेऊन उतरणाऱ्या या रांगांनी डोंगराच्या अंगावर ज्या वाटा पाडल्या, त्यांची नोंद कोणत्याही नकाशात झाली नाही. १९७७ मध्ये हे मजूर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाले. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला पोलिसांच्या गोळीबारात कामगार मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमांतून एक रुग्णालय उभे केले. ३ जून १९८३ रोजी सुरू झालेले ते शहीद रुग्णालय होय. यंत्रे आली तर हातांचे काय, हा प्रश्नही या मजुरांनीच विचारला. सारी यंत्रे नाकारावीत असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणूस उघड्यावर पडणार नाही अशा बेताने ती आणावीत, एवढी त्यांची मागणी होती. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगी यांची भिलाईत हत्या झाली. लोखंडाच्या इतिहासात टनांचे आकडे सहज सापडतात; हा इतिहास त्यांच्या शेजारी ठेवून वाचावा लागतो.

दरम्यान डोंगर खचत गेला. खाण म्हणजे डोंगराला पाडलेल्या पायऱ्या. वरच्या पायरीवर भोके पाडून सुरुंग उडवायचा, माल उचलायचा, मग खालच्या पायरीवर उतरायचे. शिखराकडे जाणारी वाट ही सामान्यतः चढणीची असते. येथे शिखरच दर वर्षी थोडेथोडे वाटेला भेटायला खाली आले. जेथे वेल्ड आणि दोराबजी यांच्या पावलांखाली खडक वाजला, तो माथा आता पूर्वीसारखा उरलेला नाही. त्याच्या जागी पायऱ्यापायऱ्यांची तांबडी विवरे आहेत. तो माथा रूळ होऊन गेला, पूल होऊन गेला, जहाजांचे पत्रे होऊन गेला. दोन अब्ज वर्षांत घडलेला कणा साठ-पासष्ट वर्षांत संपत आला.

साहजिकच नवी वाट शोधावी लागली. दल्ली-राजहऱ्याच्या दक्षिणेस, बस्तरच्या बाजूला, रावघाटच्या डोंगरात लोहखनिजाचा मोठा साठा आहे. त्यासाठी दल्ली-राजहऱ्यापासून रावघाटपर्यंत ९५ किलोमीटर लांबीचा लोहमार्ग आखण्यात आला आणि तो टप्प्याटप्प्याने पुढे सरकत गेला. १९५० नंतरच्या दशकात जो मार्ग राजहऱ्यापाशी थांबला होता, तो राजहरा ओलांडून पुढच्या डोंगराकडे निघाला. एका डोंगराचे रूळ आगगाडीला दुसऱ्या डोंगराकडे घेऊन जात आहेत.

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही हा विषय परका नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात उच्च प्रतीचे लोहखनिज आहे आणि तेथे खाणकाम चालू झाले आहे. माडिया गोंडांच्या दृष्टीने तो डोंगर म्हणजे ठाकूरदेवाचे ठिकाण. तेथे दर वर्षी जानेवारीत यात्रा भरते. एकाच डोंगराकडे यात्रेकरूची वाट जाते आणि खनिजाच्या मालमोटारीचीही. राजहऱ्याच्या बाबतीत जे प्रश्न पुष्कळ उशिरा विचारले गेले, ते येथे आरंभीच विचारता येण्यासारखे आहेत. डोंगराचे पहिले जाणकार कोण? त्यांच्या वाट्याला काय आले? ज्यांच्या खांद्यांवरून माल उतरला, त्यांची मुले कोठे शिकली? माथा संपल्यावर त्या गावाने कशावर जगावे? पोलादावाचून देशाचे चालणार नाही, हे खरे. या प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. उलट डोंगर एकदाच मिळतो, म्हणून ती अधिकच वाढते.

राजहऱ्याच्या दीडशे वर्षांकडे पाहताना दिसते ते असे. अगरियाने त्या डोंगरात दैवत पाहिले, बोस यांनी खडकांचा क्रम पाहिला, टाटांच्या माणसांनी कारखाना पाहिला, स्वतंत्र देशाने आपले सामर्थ्य पाहिले आणि मजुराने दिवसाची मजुरी पाहिली. यांपैकी कोणाचेही पाहणे खोटे नव्हते. पहिल्या आणि शेवटच्या माणसाला मात्र त्या नकाशावर जागा मिळाली नाही. दुर्गकडून येणारा लोहमार्ग दल्ली-राजहऱ्याच्या स्थानकात शिरतो, तेथील रुळांवर आजही तांबडी धूळ बसलेली असते. ते रूळ भिलाईचे आणि ती धूळ डोंगराची. दोन्ही वस्तू मुळात एकच.